कॉम्प्युटरवर कलंडलेला मोबाइल व्हिडिओ: फिरवण्याआधी दोष कुणाचा ते शोधा

मोबाइलवर नीट उभा दिसणारा व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला की आडवा पडतो. मग हाताला लागेल त्या सॉफ्टवेअरमध्ये तो फिरवायचा, सेव्ह करायचा, आणि हुश्श करेपर्यंत तीच फाइल दुसऱ्या मशीनवर विरुद्ध बाजूला कलंडलेली दिसते. पुन्हा फिरवा, पुन्हा सेव्ह करा. तीनचार वेळा असं झालं की चित्र गढूळ होतं, फाइलचा आकार भलताच होतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

असं होतं कारण आपण सरसकट व्हिडिओलाच दोषी धरतो. बऱ्याचदा व्हिडिओ ठणठणीत असतो आणि तो दाखवणारा प्लेअर चुकत असतो. काही वेळा व्हिडिओतली एक छोटीशी नोंद चुकलेली असते आणि ती चित्राला हात न लावता सुधारता येते. अख्खा व्हिडिओ नव्याने बनवायची पाळी त्या मानाने क्वचित येते, पण नेटवरचे बहुतेक सल्ले थेट तिथूनच सुरू होतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पुढे वाचण्याआधी शब्दांचं एकदा ठरवून टाकू. ‘उभा’ म्हणजे फोन उभा धरून घेतलेला व्हिडिओ, ‘आडवा’ म्हणजे फोन आडवा धरून घेतलेला. जो जसा दिसायला हवा तसा दिसत नाही, तो ‘कलंडलेला’.

आत नेमकं काय होतं

फोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमध्ये आडवा बसवलेला असतो आणि तो कायम तसाच राहतो. तुम्ही फोन उभा धरा, आडवा धरा, सेन्सरकडून येणारी चौकट, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, आडवीच असते, समजा १९२० बाय १०८० पिक्सेलांची (पिक्सेल म्हणजे चित्राचे ठिपके). सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर हे ६ कोटींहून जास्त पिक्सेल होतात. ते सगळे जागच्या जागी फिरवून लिहायचे म्हणजे फोनच्या प्रोसेसरवर आणि बॅटरीवर फुकटचा भार. म्हणून कॅमेरा ॲप पिक्सेल फिरवत नाही. ते आडवेच लिहितं आणि फाइलीच्या माहितीत एक नोंद करून ठेवतं: दाखवताना ९० अंशांनी फिरवून दाखवा. खोक्यावर ‘ही बाजू वर’ असं लिहिलेलं असतं ना, तसंच. खोकं कसंही ठेवलेलं असो, वाचणाऱ्याने वाचून सरळ करायचं.

एमपी-४ आणि एमओव्ही फाइलींत ही नोंद ट्रॅकच्या (फाइलीतल्या चित्राच्या किंवा आवाजाच्या धाग्याच्या) हेडरमध्ये, म्हणजे माहितीच्या भागात, नऊ आकड्यांच्या एका मॅट्रिक्सच्या, म्हणजे कोष्टकाच्या, रूपात असते. नऊ आकड्यांचे मिळून ३६ बाइट. काही शे एमबीच्या फाइलीत सगळा गोंधळ घालायला एवढे ३६ बाइट पुरतात.

अँड्रॉइडवर रेकॉर्डिंग करणाऱ्या ॲपांसाठी जी अधिकृत तांत्रिक माहिती आहे, तिच्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे: दिशा सांगितल्याने चौकटी फिरत नाहीत, फक्त मॅट्रिक्स लिहिलं जातं, आणि काही प्लेअर त्याकडे दुर्लक्ष करू शकतात. म्हणजे हा बिघाड नाही, ही पहिल्यापासूनची रचनाच आहे.

नोंदीत चारच आकडे येतात: ०, ९०, १८०, २७०. मागच्या कॅमेऱ्याने उभा व्हिडिओ घेतला तर बहुतेक फोनांत ९०. सेल्फी कॅमेरा सहसा उलट्या बाजूने बसवलेला असतो, म्हणून त्याच्या उभ्या व्हिडिओत बहुधा २७०. आडवा व्हिडिओ घेताना फोन कुठल्या कुशीवर धरलाय त्यावरून ० किंवा १८०. ‘माझे काही आडवे व्हिडिओ नीट दिसतात, काही एकदम डोक्यावर’ ही तक्रार इथून येते. फोन डाव्या कुशीवर धरला की एक, उजव्या कुशीवर धरला की दुसरं. जो प्लेअर नोंद वाचत नाही, त्याच्यावर १८० वाले सगळे व्हिडिओ उलटे.

ही नोंद फाइलीच्या आत असते. त्यामुळे फाइलीचं नाव बदलून, डॉटनंतरची अक्षरं बदलून किंवा केबलऐवजी ब्लूटूथने पाठवून तिच्यात काहीही फरक पडत नाही.

निदान

दोन गोष्टी बघायच्या. पहिली, तोच व्हिडिओ फोनच्या गॅलरीत कसा दिसतो. दुसरी, कॉम्प्युटरवर व्हीएलसी या मोफत प्लेअरच्या नव्या आवृत्तीत कसा दिसतो. दोन्हीकडे सरळ असेल तर फाइल निर्दोष आहे, प्लेअर बदला. दोन्हीकडे कलंडलेला असेल तर नोंद चुकलेली आहे.

याहून खात्री हवी असेल तर मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल त्यात टाका आणि व्हिडिओच्या भागात तीन ओळी शोधा: विड्थ, हाइट आणि रोटेशन. फोनने घेतलेल्या निरोगी उभ्या व्हिडिओत विड्थ १९२०, हाइट १०८० आणि रोटेशन ९० अंश असं दिसेल. रुंदी उंचीपेक्षा जास्त बघून दचकू नका, वर सांगितलंय तसे पिक्सेल आडवेच लिहिलेले आहेत. रोटेशन शून्य असेल तर ती ओळच दिसत नाही.

म्हणजे १९२० बाय १०८० आहे, रोटेशनची ओळ नाही आणि चित्र मात्र उभं हवं आहे, असं दिसलं तर दोनपैकी एक झालंय. फोनने दिशा ओळखण्यात गल्लत केली, किंवा मधल्या एखाद्या ॲपने फाइल पुन्हा लिहिताना नोंद गाळली. मूळ फाइल अजून फोनमध्ये असेल तर तीच तपासा. तिथे ९० असेल तर मधल्या ॲपला चोर समजा आणि मूळ फाइल केबलने उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ तर नव्याने एन्कोड होऊनच, म्हणजे चित्र उलगडून पुन्हा दाबून बांधलं जाऊनच, येतो, म्हणून तिथून आलेल्या फाइलीवर निदान करत बसू नये. तिथूनच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग फाइल जशीच्या तशी येते.

व्हीएलसीमध्येही टूल्सखाली कोडेक इन्फॉर्मेशन उघडलं की ओरिएंटेशनची ओळ दिसते. तिथे ‘टॉप लेफ्ट’ असेल तर फिरवण्याची नोंद नाही. दुसरं काहीही असेल तर नोंद आहे.

दोष प्लेअरचा असेल तर

इथे फाइलीला हात लावायचा नाही. निर्दोष फाइल फिरवलीत की ज्या ज्या ठिकाणी ती नीट दिसत होती तिथे ती कलंडणार.

विंडोज ७ मधला जुना मीडिया प्लेअर ही नोंद बघत नाही. व्हीएलसी ती २.२ या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०१५ पासून, आपोआप पाळतो. जुन्या मशीनवर त्याआधीचा व्हीएलसी पडून असेल तर नुसतं अपडेट केल्याने प्रश्न मिटतो. मॅकवर क्विकटाइम प्लेअरला याची अडचण नाही, ब्राउझरही सहसा नोंद पाळतात. चाचणीसाठी फाइल ओढून ब्राउझरच्या खिडकीत टाका, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

आता व्हीएलसीचा एक खास त्रास. कधीतरी एक कलंडलेला व्हिडिओ बघण्यासाठी तुम्ही टूल्स, इफेक्ट्स अँड फिल्टर्स, व्हिडिओ इफेक्ट्स, जिओमेट्री असं जात जात ट्रान्सफॉर्मवर टिक केली आणि ९० अंश निवडले. तो व्हिडिओ सरळ दिसला. सेटिंग सेव्ह केलंत आणि विसरलात. त्यानंतर त्या मशीनवरचा प्रत्येक व्हिडिओ कलंडलेला दिसतो. ‘कालपर्यंत सगळं नीट होतं, आज सगळेच व्हिडिओ आडवे’ अशी तक्रार आली की मी पहिली तीच टिक बघायला सांगतो. ती काढा आणि सेव्ह करा. सापडत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये खाली रिसेट प्रेफरन्सेस आहे. आणि हेही लक्षात घ्या की त्या टिकने फाइलीत काहीच बदलत नाही, फक्त तुमच्या पडद्यावर बदलतं. ‘मी व्हीएलसीमध्ये सरळ करून पाठवला तरी समोरच्याला आडवाच दिसतो’ याचं उत्तर तेच आहे.

खिडकीतलं छोटं चित्र, म्हणजे थंबनेल, सरळ दिसतं आणि चालवल्यावर व्हिडिओ कलंडतो, असंही होतं. थंबनेल बनवणारा भाग वेगळा, चालवणारा वेगळा. एकाने नोंद वाचली, दुसऱ्याने नाही. आणि नोंद सुधारल्यावरही जुनं थंबनेल काही काळ तसंच राहू शकतं, त्यावर विसंबून पुन्हा फिरवू नका. उघडून बघा.

नोंदच चुकली असेल तर

इथे चित्राला धक्का न लावता काम होतं. चित्राचा दर्जा घसरत नाही आणि वेळही फाइल कॉपी होण्याइतकाच लागतो.

कमांडच्या काळ्या खिडकीची धास्ती असेल तर लॉसलेसकट घ्या. हे मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. फाइल उघडा, फिरवण्याचं बटण चित्र सरळ दिसेपर्यंत दाबा आणि एक्स्पोर्ट करा. ते पिक्सेल फिरवत नाही, फक्त नोंद बदलून नवी फाइल देतं.

मला स्वतःला एक्झिफटूल हे आज्ञा टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर आवडतं, कारण ते फाइलीतलं बाकी सगळं, म्हणजे तारीख, जागेची माहिती, फोनने ठेवलेले जादा ट्रॅक, शाबूत ठेवतं. आज्ञा लहान आहे. प्रोग्रामचं नाव, मग हायफन लावून लगेच रोटेशन हा शब्द, त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह आणि हवा तो आकडा, मग जागा सोडून फाइलीचं नाव. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं. मूळ फाइल ते नावापुढे ‘ओरिजिनल’ असं जोडून बाजूला ठेवतं, म्हणून डिस्कवर फाइलीइतकी मोकळी जागा आधी बघून घ्या.

आकडा कुठला द्यायचा इथे लोक अडखळतात आणि ९०, २७०, १८० असं अंदाजाने देत बसतात. हिशेब सोपा आहे. नोंद पाळणाऱ्या प्लेअरमध्ये व्हिडिओ उघडा आणि माणसाचं डोकं कुठे आहे ते बघा. डावीकडे असेल तर सध्याच्या रोटेशनमध्ये ९० मिळवा. उजवीकडे असेल तर २७० मिळवा. खाली असेल तर १८०. बेरीज ३६० किंवा त्याहून जास्त झाली तर ३६० वजा करा. समजा मीडियाइन्फो रोटेशन २७० सांगतंय आणि डोकं डावीकडे आहे: २७० अधिक ९० म्हणजे ३६०, म्हणजे शून्य. रोटेशन शून्य द्या. रोटेशनची ओळच नव्हती आणि डोकं डावीकडे आहे, तर ९०.

हेच एफएफएमपेग या आज्ञांवर चालणाऱ्या व्हिडिओ सॉफ्टवेअरनेही होतं. नव्या आवृत्त्यांत ‘डिस्प्ले रोटेशन’ हा पर्याय आहे, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. तो इनपुट फाइलीच्या आधी लिहायचा आणि पुढे ‘सी कॉपी’ द्यायचं, म्हणजे एन्कोडिंग टळतं. पण इथे एक खोच आहे. मीडियाइन्फो आणि एक्झिफटूल घड्याळाच्या दिशेने मोजतात, एफएफएमपेग उलट्या दिशेने. एकाच निरोगी उभ्या फाइलीला मीडियाइन्फो ९० म्हणतं आणि एफएफप्रोब, म्हणजे एफएफएमपेगसोबतच येणारं माहिती दाखवणारं साधन, उणे ९०. दोघंही खरं बोलतात. तेव्हा एक्झिफटूलला जिथे ९० दिलं असतं, तिथे एफएफएमपेगला उणे ९० किंवा २७० द्या. दुसरं म्हणजे, वेगळं सांगितलं नाही तर एफएफएमपेग एक व्हिडिओ आणि एक ऑडिओ ट्रॅक उचलतं, बाकीचं सोडून देतं. आठवणींचे व्हिडिओ असतील तर मी म्हणूनच एक्झिफटूलकडे जातो.

मॅक असेल तर क्विकटाइम प्लेअरच्या एडिट मेनूत रोटेट लेफ्ट, रोटेट राइट आहेत. फाइंडरमध्ये स्पेसबार दाबून झलक उघडली की तिथेही फिरवण्याचं बटण मिळतं. मूळ फाइल अजून फोनमध्येच असेल तर कॉम्प्युटरपर्यंत जायचंच कशाला? आयफोनच्या फोटोजमध्ये आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, व्हिडिओ एडिट करून फिरवता येतो. अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्ये एडिट, क्रॉप आणि मग फिरवण्याचं बटण.

एक जुनी सवय मोडा. विंडोजवर अजूनही बरेच जण मूव्ही मेकर शोधतात. मायक्रोसॉफ्टने तो जानेवारी २०१७ मध्ये बंद केला. त्याच्या नावाने नेटवर जे फिरतं त्यात भामट्यांनी बनवलेल्या नकली प्रतीही निघाल्या आहेत. त्या वाटेला जाऊ नका.

पिक्सेलच फिरवावे लागतात तेव्हा

काही ठिकाणी प्लेअर बदलणं तुमच्या हातात नसतं. टीव्हीच्या मागे पेन ड्राइव्ह लावून दाखवायचं आहे, सभागृहातल्या प्रोजेक्टरच्या मशीनवर काय आहे कोण जाणे, गाडीतला स्क्रीन, डिजिटल फोटो फ्रेम. ही उपकरणं नोंद वाचतीलच असं नाही. तिथे पिक्सेल खरोखर फिरवून, नोंद शून्य करून फाइल द्यावी लागते. म्हणजे री-एन्कोड.

फोटोसारखं बिनतोट्याचं फिरवणं इथे होत नाही. जेपेग फोटो लहान ठोकळ्यांत साठवलेला असतो आणि ते ठोकळे जागा बदलून फिरवता येतात, मापं जुळत असतील तर एकही पिक्सेल न बिघडता. व्हिडिओत बहुतेक चौकटी पूर्ण नसतातच. ‘आधीच्या चौकटीतला हा तुकडा इतका इकडे सरकला’ अशा सूचना असतात. त्या सगळ्या उलगडून, फिरवून, पुन्हा बांधाव्या लागतात. दर फेरीला चित्राचा थोडा दर्जा जातो. म्हणून हे काम एकदाच करायचं, आणि तेही मूळ फाइलीवरून, आधी फिरवलेल्या प्रतीवरून नाही.

यासाठी हँडब्रेक हे व्हिडिओ री-एन्कोड करणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फाइल उघडली की ते नोंद स्वतः वाचतं. प्रिव्ह्यूमध्ये चित्र सरळ दिसत असेल तर फिरवण्याच्या पर्यायाला हातही लावू नका, नुसतं एन्कोड करा. पिक्सेल सरळ लिहिले जातील आणि नोंदीची गरज उरणार नाही. प्रिव्ह्यूतच कलंडलेला असेल तरच डायमेन्शन्स टॅबमधलं रोटेशन वापरा. त्याच टॅबवर शेवटचं माप वाचून घ्या. १०८० च्या मर्यादेचा प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेल्या सेटिंगचा संच, निवडलेला असेल तर उभ्या व्हिडिओची उंची १०८० वर आणली जाऊन रुंदी जेमतेम ६०८ उरू शकते, म्हणजे १०८० बाय १९२० चा व्हिडिओ एक तृतीयांशापेक्षाही कमी पिक्सेलांवर. ‘फिरवल्यावर धुरकट झाला’ यामागे कित्येकदा हेच असतं. रिझोल्यूशनची मर्यादा काढून टाका.

दर्जासाठी आरएफ किंवा सीआरएफ नावाचा आकडा असतो. आकडा लहान तितका दर्जा चांगला, फाइल मोठी. एक्स-२६४ या एन्कोडरचा आपोआपचा आकडा २३ आहे. आठवणींच्या व्हिडिओला मी १८ च्या आसपास ठेवतो, टीव्हीवर एकदा दाखवून पुसून टाकायचा असेल तर २३ बरा. वेळ लागेल हे गृहीत धरा. ४के मध्ये घेतलेला ३० चौकटींचा एक मिनिट आयफोनवर साधारण १७० एमबी होतो. जुन्या लॅपटॉपवर अशी दहा मिनिटं एन्कोड करायची म्हणजे चहा होऊन वर जेवणही होईल.

रंग फिके पडले, आकाश राखाडी झालं, तर फिरवण्याशी त्याचा संबंध नाही. आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, बरेच व्हिडिओ एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड आणि सावलीचा जास्त मोठा पल्ला टिपून, घेतले जातात. ते साध्या ८-बिट एन्कोडरमधून रंगांचं रूपांतर न करता काढले की असे धुतल्यासारखे दिसतात. हँडब्रेकमध्ये १०-बिट एच.२६५ निवडा. समोरच्या उपकरणाला ते झेपत नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद करून पुढचे व्हिडिओ तरी सुखाने घ्या.

आता दुहेरी फिरण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हाच. एफएफएमपेगमध्ये ‘ट्रान्सपोज’ फिल्टरला १ दिलं की घड्याळाच्या दिशेने ९० अंश, २ दिलं की उलट. नेटवरून ही आज्ञा उचलून उभ्या व्हिडिओला लावली की तो हमखास कलंडतो. एफएफएमपेग एन्कोड करताना नोंद वाचून चित्र आधीच सरळ करतं आणि त्यावर तुमचा ट्रान्सपोज आणखी ९० अंश फिरवतो. ज्या काळात ही आज्ञा लिहिली गेली तेव्हा ते आपोआप फिरवत नव्हतं, म्हणून ती बरोबर होती. आज एकतर ट्रान्सपोज काढून टाका, किंवा इनपुटच्या आधी ‘नोऑटोरोटेट’ देऊन सगळा ताबा स्वतःकडे घ्या. दोन्ही मिसळू नका. कुठल्याही सॉफ्टवेअरमधून निघालेली नवी फाइल मीडियाइन्फोमध्ये टाका: रुंदी १०८०, उंची १९२० आणि रोटेशनची ओळ नाही, असं दिसलं की काम फत्ते. १०८० बाय १९२० दिसतंय आणि वर रोटेशन ९० पण आहे, तर पिक्सेलही फिरले आणि नोंदही राहिली. एक्झिफटूलने रोटेशन शून्य करा, पुन्हा एन्कोड करायला धावू नका.

व्हीएलसीच्या कन्व्हर्टमधूनही फिरवता येतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. येतं, पण फिल्टरची टिक एका खिडकीत, कोन दुसऱ्या खिडकीत, आणि शेवटी आवाज गायब. नादी न लागलेलं बरं.

एडिटिंग करताना

टाइमलाइनवर टाकल्यावर क्लिप कलंडली तर आधी क्लिपच्या गुणधर्मांत दिशा बदलता येते का ते बघा. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये ते मिळतं. ट्रान्सफॉर्ममध्ये कोन टाकून फिरवणं चालतं, पण मग चित्र चौकटीबाहेर जातं आणि झूम जुळवत बसावं लागतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले तर तो दिशेचा घोटाळा नाही. प्रोजेक्टची चौकट आडवी आहे आणि व्हिडिओ उभा, एवढंच. प्रोजेक्ट १०८० बाय १९२० करा. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये यूज व्हर्टिकल रेझोल्यूशन अशी टिक आहे, क्लिपचॅम्पमध्ये ९:१६ हे प्रमाण निवडायचं.

पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसत असतील तर कितीही फिरवून ती सरळ होणार नाहीत. तो सेल्फी कॅमेऱ्याच्या मिररचा प्रकार, त्याला फ्लिप हॉरिझॉन्टल लागतं.

पुन्हा पुन्हा का होतं

एकाच फोनवर काही व्हिडिओ सरळ आणि काही कलंडलेले येत असतील तर ते कशाचे आहेत बघा. टेबलावरचं पुस्तक, जमिनीवरचं यंत्र, कीबोर्ड, हस्तकला, म्हणजे फोन खाली रोखून घेतलेले असतील. फोन कसा धरलाय हे ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाच्या ओढीवरून ओळखतो. फोन उभा असला की ओढ त्याच्या खालच्या कडेकडे असते, आडवा असला की बाजूच्या कडेकडे. पण तो जमिनीला समांतर झाला की ओढ सरळ पडद्याच्या आरपार जाते, आणि फोनची वरची कड कुठे आहे हे कळायला मार्गच उरत नाही. मग ॲप शेवटची माहीत असलेली दिशा धरून चालतं किंवा हाताच्या जराशा कलाने भलतीच ठरवतं. आणि रेकॉर्डचं बटण दाबताना जी दिशा ठरते तीच अख्ख्या फाइलीला लागते.

उपाय बटण दाबण्याआधीचा आहे. फोन आधी डोळ्यांसमोर हवा तसा उभा किंवा आडवा धरा. कॅमेरा ॲपमधली छोटी चिन्हं त्या दिशेला वळतात, ती वळलेली दिसू द्या. मग रेकॉर्ड दाबा आणि त्यानंतर फोन खाली वाकवा. सुरुवातीचे दोन सेकंद नंतर कापून टाकता येतात. नेहमी असंच काम असेल तर अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप घ्या, त्यात व्हिडिओची दिशा कायमची उभी किंवा आडवी बांधून ठेवता येते.

रेकॉर्डिंग चालू असताना मधेच फोन वळवलेला असेल तर मात्र एका नोंदीने भागणार नाही, कारण नोंद अख्ख्या ट्रॅकला एकच. लॉसलेसकटमध्ये वळणापाशी दोन तुकडे करा. ते की-फ्रेमवरच, म्हणजे पूर्ण साठवलेल्या चौकटीवरच, स्वच्छ कापतं, त्यामुळे काप सेकंदभर मागेपुढे होईल. प्रत्येक तुकड्याची नोंद वेगळी सुधारा आणि जमलं तर ते तुकडे वेगळेच ठेवा. वेगळ्या रोटेशनचे तुकडे न एन्कोड करता जोडले की जोडफाइल एकाचीच नोंद घेते आणि दुसरा पुन्हा कलंडतो. एकच फाइल हवी असेल तर दोन्ही तुकडे एडिटरमध्ये एका चौकटीत बसवून एकदाच एक्स्पोर्ट करा. त्यातला एक उभा आणि एक आडवा असल्यामुळे कुठेतरी काळे पट्टे येणारच.